आंद्राशी ऊत: एकाच रस्त्यावर चार दिवस, आत्यासोबत

बुडापेस्टला चार दिवस गेलो आणि पार्लमेंट आतून बघितलं नाही, किल्ल्यावर गेलो नाही, डॅन्यूबवरची क्रूझपण केली नाही हे सांगितलं की लोक "मग केलंत काय?" असं विचारतात. तर आम्ही एक रस्ता बघितला. सव्वादोन किलोमीटरच्या जरा वर भरेल एवढाच. आत्याचा डावा गुडघा (वय 69, निवृत्त चित्रकला शिक्षिका, सातारा) सलग चालायला तयार नसतो, आणि मला सकाळी सातला बसमध्ये बसून "उजवीकडे बघा" ऐकत फिरायचा कंटाळा येतो. त्यामुळे रोज त्या रस्त्याचा एक तुकडा, दमलो की बाक, बाकाचा कंटाळा आला की कॉफी, असा प्लॅन होता, आणि माझ्या आतापर्यंतच्या सगळ्या प्लॅनमध्ये हा एकच पूर्ण पार पडला.

रस्त्याचं नाव आंद्राशी ऊत. ऊत म्हणजे मार्ग. "ऊत? कशाला आलाय?" हा आत्याचा जोक चार दिवसांत साधारण चाळीसदा झाला.

दिवस पहिला, 21 ऑक्टोबर

विसा, विमान वगैरे नीट झालं, त्यावर काही लिहीत नाही. विमानतळावरून 100ई नंबरची बस थेट गावात सोडते, तिचं तिकीट वेगळं असतं, साधा पास चालत नाही, एवढं लक्षात ठेवा.

घर ओक्तोगोन चौकाच्या मागच्या गल्लीत घेतलं होतं. बाहेरून राजवाड्यासारखी नक्षी, भलंमोठं लाकडी दार, आणि दार ढकलून आत गेलो तर मध्ये चौक, चारी बाजूंनी लोखंडी कठड्याच्या गॅलऱ्या, प्रत्येक मजल्यावर ओळीने दारं, कठड्यावर कुंड्या, एका ठिकाणी पायपुसणं वाळत टाकलेलं. आत्या बॅग तशीच सोडून वर बघत उभी राहिली. "अगं, ही तर चाळ आहे!" खरंच चाळ. या गॅलरीला तिथले लोक 'गांग' म्हणतात, आणि जुन्या पेश्तमध्ये (नदीच्या एका काठाला पेश्त, दुसऱ्या काठाला बुडा) अशी घरं जिकडेतिकडे आहेत. लिफ्ट बंद होती, दोन मजले चढलो, गुडघ्याने निषेध नोंदवला.

त्या दिवशी लक्ष्मीपूजन. दिवाळीत घर सोडून जायचं का यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली होती, शेवटी आत्याच म्हणाली की माझी वाट बघायला घरी आहे कोण, चल. पण फराळाची पिशवी मात्र सोबत आली (चिवडा, चकल्या, शंकरपाळ्या, वजन पावणेतीन किलो, माझे दोन स्वेटर त्यापायी घरी राहिले). संध्याकाळी पावणेसहालाच सूर्य मावळला, आत्याने दोन पणत्या काढून गांगवर दाराशी लावल्या, शेजारचा एक तरुण मुलगा सायकल खांद्यावर घेऊन वर येत होता तो थांबला, पणत्या बघितल्या, "सिया" म्हणाला आणि ज्योत हलू नये म्हणून पार कठड्याला चिकटून पुढे गेला. सिया म्हणजे हाय. गंमत अशी की निघताना हेच लोक "हेलो" म्हणतात! पहिल्या दिवशी दुकानातून बाहेर पडताना कोणी हेलो म्हटलं की आम्ही दरवेळी मागे वळून बघायचो.

जेवायला जवळच एका साध्या, ताट घेऊन रांगेत उभं राहायच्या खानावळीत गेलो. बाहेर बोर्डावर 'फ्योझेलेक' लिहिलेलं. हंगेरी म्हटलं की सगळे गुलाश गुलाश करतात (आणि तेही मुळात सूप असतं, घट्ट रस्सा नाही), पण शाकाहारी माणसाने शोधायचं ते फ्योझेलेक. भाजी शिजवून, दाटपणा आणून केलेला प्रकार. पालकाचं घेतलं तर आपली पालकाची पातळ भाजी, फक्त दाणे आणि हरभऱ्याची डाळ नाही. पिवळ्या वाटाण्याचं घेतलं तर सरळ वरण. आत्याने पहिला चमचा घेतला आणि म्हणाली, "हिंग विसरले."

(टीप: नुसतं शाकाहारी म्हणून भागत नाही, कधी वरून सॉसेज येतं, कधी फोडणी डुकराच्या चरबीची असते. "हूश नेल्क्युल" म्हणजे मांसाशिवाय. हंगेरियनमध्ये एकट्या 'एस'चा उच्चार श होतो आणि 'एसझेड'चा स, म्हणून तर ते लोक बुडापेश्त म्हणतात. चरबीचं मात्र वेगळं विचारा.)

दिवस दुसरा, 22 ऑक्टोबर: ऑपेरा आणि चिक्कीचा केक

सकाळी रस्त्याच्या नदीकडच्या टोकापासून सुरुवात. हवा 11 डिग्री, ऊन स्वच्छ, झाडं निम्मी पिवळी, आणि पानं पडत होती ती सफाईवाल्याच्या झाडूपुढेच येऊन पडत होती. हा पहिला तुकडा अरुंद आणि सगळ्यात तोऱ्याचा. दोन्ही बाजूंना सारख्या उंचीच्या इमारती, खाली भारी ब्रँडची दुकानं (आत गेलो नाही, किमती काचेतूनच वाचल्या), वर कोपऱ्याकोपऱ्यात दगडी बायका बाल्कनी डोक्यावर घेऊन उभ्या. आत्या म्हणाली, "या बायकांच्या मानेकडे बघ, ज्याने केल्यात त्याने ओझं उचलणारी बाई खरी बघितली असणार." मी या रस्त्याचे फोटो नेटवर शंभर वेळा बघितले होते, मान एकदाही दिसली नव्हती.

थोडा इतिहास, कारण तो इथे टाळताच येत नाही. 1870 साली हा रस्ता करायचं ठरलं, 1872 मध्ये काम सुरू झालं आणि 1876 मध्ये खुला झाला. घोड्यांच्या टापांचा आवाज कमी व्हावा म्हणून सुरुवातीला लाकडी ठोकळ्यांची फरसबंदी होती. एवढ्या देखण्या रस्त्यावर ट्राम नको म्हणून गाडी जमिनीखालून नेली, ती 1896 ची मेट्रो, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली. 2002 पासून दोन्ही युनेस्कोच्या यादीत आहेत.

त्या मेट्रोनेच आम्हाला फसवलं, म्हणजे फसलो आम्हीच. स्टेशन रस्त्याच्या जेमतेम एक जिना खाली, पांढऱ्या टाइल्स, लोखंडी खांब, गाडी पिवळी आणि खेळण्यातल्यासारखी छोटी. खाली उतरलो, मशीनमध्ये तिकिटं पंच केली, गाडी आली, बसलो, आणि गाडी नेमकी उलट्या दिशेला निघाली. या लाइनवर बहुतेक स्टेशनांत दोन दिशांचे जिने रस्त्याच्या दोन वेगवेगळ्या बाजूंना आहेत, खालून पलीकडे जाताच येत नाही. जिन्यावर पाटी असते, ती वाचायची असते. तिकिटं गेली, परत वर, रस्ता क्रॉस, परत खाली. त्या दिवशीच 72 तासांचा पास काढला, जो पहिल्या दिवशीच काढायला हवा होता.

ऑपेरा हाउसची दुपारची इंग्रजी टूर घेतली. मिक्लोश इब्ल या आर्किटेक्टची ही इमारत 1884 मध्ये उघडली, पुढे 1888 ते 1891 संगीतकार गुस्ताव माहलर इथे डायरेक्टर होता. ऑस्ट्रिया-हंगेरीचा सम्राट फ्रान्झ योझेफ याने म्हणे अट घातली होती की व्हिएन्नाच्या ऑपेरापेक्षा मोठं बांधायचं नाही, आणि बघायला आल्यावर म्हणाला, सुंदरही नको अशी अट घालायला हवी होती. गाइडने हे आख्यायिका म्हणूनच सांगितलं, पण सांगताना छाती फुगली होती. दारात दोन बाजूंना लिस्त आणि एर्केल यांचे पुतळे, लिस्त म्हणजे प्रसिद्ध पियानोवादक-संगीतकार, एर्केल म्हणजे इथल्या राष्ट्रगीताचा संगीतकार. नावं इथे आडनाव आधी लावून सांगतात, लिस्त फेरेन्स, आंद्राशी ग्युला (ज्याचं नाव या रस्त्याला आहे तो), अगदी आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं. आत्याने लगेच तिथेच हजेरी घेतली, "लिस्त फेरेन्स? हजर. इब्ल मिक्लोश? हजर."

समोरच म्यूवेस नावाचं 1898 पासूनचं कॉफी हाउस आहे. म्यूवेस म्हणजे कलाकार, म्हटल्यावर आत्याला आत जाणं भागच होतं. दोबोश तोर्ता मागवला. योझेफ दोबोश नावाच्या माणसाने हा केक 1885 च्या प्रदर्शनात मांडला होता. स्पंजचे सहा पातळ थर, मध्ये चॉकलेटचं बटरक्रीम आणि वर कॅरॅमलचा कडक पत्रा. काट्याने दाबला तर वरचा पत्रा काही तुटेना, आत्याने शेवटी तो हाताने उचलला, दाताखाली धरला आणि कडकन आवाज झाला. शेजारच्या टेबलावरचे आजोबा हसले. "चिक्की बसवलीय वर," आत्या म्हणाली, "शेंगदाणे काढून." (टीप: बिलात 10 ते 15 टक्के सर्व्हिस चार्ज बहुतेक ठिकाणी आधीच धरलेला असतो, 'सेर्विझदीय' असं लिहितात, तो बघूनच वर टीप ठेवा. फोरिंट हे इथलं चलन, आम्ही गेलो तेव्हा साधारण चार फोरिंटला एक रुपया एवढं डोक्यात ठेवलं की हिशोब जमायचा.)

रात्री त्याच ऑपेरात अगदी वरच्या गॅलरीची तिकिटं काढली होती. या स्वस्त जागांना समोरच्या भव्य जिन्यावरून नाही, बाजूच्या गल्लीतल्या दाराने जायचं, आणि पायऱ्या भरपूर! आत्याने एकेका मजल्यावर थांबत चढल्या. एक इटालियन ऑपेरा होता. अर्धं स्टेज दिसत नव्हतं, पण छतावरचं कारोय लोत्सचं चित्र मात्र खालच्या महागड्या खुर्च्यांपेक्षा आम्हालाच जवळ होतं, आणि आत्याने पूर्ण मध्यंतर मान वर करून तेच बघितलं. वर पट्टीवर हंगेरियन आणि इंग्रजीत शब्द येत होते, गोष्ट कळायला अडचण आली नाही.

पडदा पडल्यावर टाळ्या सुरू झाल्या, आधी नेहमीसारख्या, मग हळूहळू सगळं थिएटर एकाच लयीत टाळ्या वाजवायला लागलं, थप, थप, थप, सगळे एकदम, ताल वाढतोय, मग तुटतोय, परत जुळतोय. कोणी सांगत नाही, कोणी मोजत नाही. यांच्याकडे याला 'वॉशतॉप्श' म्हणजे लोखंडी टाळी म्हणतात. माझ्या अंगावर काटा आला आणि शेजारी आत्या त्या तालात टाळ्या वाजवत हळू आवाजात "वन्स मोअर, वन्स मोअर" म्हणत होती.

दिवस तिसरा, 23 ऑक्टोबर: भोक पाडलेला झेंडा

सकाळी खिडकीतून बघते तर समोरच्या इमारतीवर हिरवा-पांढरा-लाल झेंडा आणि त्याच्या मधोमध गोल भोक. आधी वाटलं फाटलाय. मग पुढच्या इमारतीवरही तसाच. 23 ऑक्टोबर 1956 ला इथे सोव्हिएत सत्तेविरुद्ध उठाव झाला, लोकांनी झेंड्यावरचं कम्युनिस्ट राजवटीचं चिन्ह कात्रीने कापून काढलं, आणि 4 नोव्हेंबरला रणगाडे आले. त्या दिवसाची राष्ट्रीय सुट्टी असते, आणि ते भोक मुद्दाम ठेवतात. (टीप: या दिवशी बरीच दुकानं बंद, दूध-ब्रेड आदल्या दिवशी आणून ठेवा. आम्ही ठेवलं नव्हतं, चिवड्यावर भागवलं. फराळावर हसणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

आपल्याकडे नेमकी भाऊबीज. साडेनऊला बाबांना व्हिडिओ कॉल लावला, साताऱ्यात दुपारचा एक. आत्याने फोनच्या स्क्रीनला ओवाळलं, म्हणजे खरंच, बशीत पणती घेऊन. बाबा म्हणाले ओवाळणी जीपे करतो. आत्या म्हणाली युरोमध्ये कर. इथे युरो चालत नाही हे तिला सांगितलं नाही.

मग रस्त्याचा मधला तुकडा. ओक्तोगोनच्या अलीकडे लिस्तच्या नावाचा चौक आहे, झाडीत कॅफेच कॅफे, आणि मध्ये लिस्तचा पुतळा, केस वाऱ्यावर, हात अंगाच्या मानाने प्रचंड. मी म्हटलं प्रमाण चुकलंय का गं? "अजिबात नाही. पियानोवाल्याचे हात आहेत ते. मी मुलांना तेच सांगायचे, जे महत्त्वाचं ते मोठं काढा, मापाचं नंतर बघू."

ओक्तोगोन ओलांडलं की रस्ता रुंद होतो, दोन्ही बाजूंना झाडांच्या रांगा आणि त्यामध्ये चालायची पट्टी, बाकं. इथे गर्दी एकदम विरळ. 60 नंबरची इमारत करडी, तिच्या छताला काळी चौकट आणि त्या चौकटीत कोरून काढलेली 'टेरर' ही अक्षरं. आधी हंगेरियन नाझी पक्षाचं ठाणं आणि मग कम्युनिस्ट गुप्त पोलिसांचं, दोघांना हीच इमारत पसंत पडली. 2002 पासून म्युझियम. बाहेरच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला छोटे अंडाकृती फोटो लावलेत मारलेल्या लोकांचे, खाली नाव आणि सालं. त्या दिवशी फोटोंच्या खाली फुलं, मेणबत्त्या होत्या. आत्या एकेका फोटोपाशी थांबत, ओठ हलवत जात होती. मला वाटलं नावं वाचतेय, विचारलं तर म्हणाली, "वय काढतेय."

आत दुसऱ्या दिवशी गेलो, इथेच लिहून टाकते: मधल्या चौकात खराखुरा रणगाडा आहे, आणि तळघरात नेणारी लिफ्ट मुद्दाम अतिशय हळू उतरते, उतरताना स्क्रीनवर एक माणूस फाशी कशी द्यायचे ते शांतपणे सांगत असतो. फोटो काढू देत नाहीत. लहान मुलांना नेऊ नका. सोमवारी बंद.

याच रस्त्याला एकदा स्टालिनचं नाव होतं. 1956 मध्ये ते गेलं, मग 1957 पासून 'लोकप्रजासत्ताक मार्ग', आणि 1990 ला परत आंद्राशी. लोक मधल्या काळात पत्त्यावर काय लिहायचे कोणास ठाऊक, पोस्टमनला बहुतेक सगळंच पाठ असणार.

थोडं पुढे बाहुल्यांचं थिएटर, आणि लागूनच कला विद्यापीठ. सुट्टीमुळे दार बंद. आत्या तरी पायरीवर बसली. चित्रकार अमृता शेरगिल याच शहरात 1913 साली जन्मली, आई हंगेरियन, ऑपेरा गाणारी. आत्या हे वर्गात दरवर्षी सांगायची, आणि दरवर्षी कोणीतरी विचारायचं की बाई तुम्ही गेलाय का तिथे. "आता हो म्हणता येईल, पण विचारायला वर्ग नाही," म्हणाली आणि उठली. उठताना गुडघ्याचा आवाज मलापण ऐकू आला.

कोदाय क्योरोंद हा गोल चौक मला अख्ख्या रस्त्यात सगळ्यात आवडला. चार बाजूंना चार वाकलेल्या इमारती, मोठाली झाडं, आणि चार योद्ध्यांचे पुतळे. संगीतकार कोदाय इथेच राहायचा. बाकावर एक आजी बसल्या होत्या, जांभळी टोपी, शेजारी काठी. आत्याने त्यांच्या काठीकडे बघितलं, त्यांनी आत्याच्या नीकॅपकडे, आणि ओळख झाली. माझा फोन मध्ये दुभाषा. आत्याने शंकरपाळ्यांचा डबा पुढे केला. आजींनी एक उचलली, वास घेतला, अर्धी तोडली, आत कशी आहे ते बघितलं, मग खाल्ली. "च्योरोगे!" फोन 'च्योरोगे' एवढंच परत म्हणत राहिला. मग त्यांनी हवेतच बोटांनी करून दाखवलं, पीठ लाटायचं, कापायचं, मध्ये चीर देऊन एक टोक आतून ओढायचं, तेलात सोडायचं, वरून पिठीसाखर. आत्याने पिठीसाखर आपल्याकडे पिठात घालतात हे हाताने सांगितलं. पुढची वीस मिनिटं माझी काही गरज लागली नाही. त्यात एक शब्द आत्याने पकडला: आजींनी दोन शंकरपाळ्या कोटात टाकल्या आणि 'झेब' म्हणाल्या. झेब म्हणजे खिसा, म्हणजे आपला जेब! तुर्कांनी बुडावर दीडशे वर्षं जवळजवळ राज्य केलं, ते जाताना खिसा ठेवून गेले.

दिवस चौथा, 24 ऑक्टोबर: गरम पाणी

शेवटचा तुकडा बंगल्यांचा आणि वकिलातींचा, झाडं भरपूर, दुकानं जवळजवळ नाहीत. 103 नंबरला होप फेरेन्स म्युझियम, आशियाई कलेचं. हा माणूस चष्मे-दुर्बिणींचा व्यापारी, पाच वेळा जगप्रवास केला, आणि 1919 मध्ये गेला तेव्हा बंगला आणि संग्रह देशाला देऊन गेला. आम्ही टेरर हाउसमध्ये इतका वेळ घालवला होता की इथे थांबलो असतो तर पुढचं राहिलं असतं, म्हणून कुंपणातून बाग बघून निघालो. ही एक चूक झाली, आत्याने अजून माफ केलेलं नाही. तुम्ही जा.

रस्ता संपतो ह्योशोक तेरे म्हणजे वीरांच्या चौकात. मॅग्यार म्हणजे हंगेरियन लोक इथे आले त्याला 1896 साली हजार वर्षं झाली, त्याचं स्मारक, उंच खांबावर देवदूत, खाली घोड्यावर सात टोळीप्रमुख. त्या 896 च्या हिशोबाने पार्लमेंटचा घुमट 96 मीटर आणि बॅसिलिका या मोठ्या चर्चचाही 96. वारा प्रचंड. फोटो काढले आणि मागच्या बागेतल्या सेचेन्यी बाथला पळालो.

1913 ची पिवळी इमारत, मध्ये उघड्यावर गरम पाण्याचे तलाव, त्यावर वाफ. साताऱ्यात आत्याने पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा ड्रेस घेतला तेव्हा दुकानदाराने "नातीसाठी का?" विचारलं होतं. तरी ऐनवेळी "मी काठावर बसते" सुरू झालं. तेवढ्यात तिच्याहून मोठ्या दोन बायका टू-पीसमध्ये आरामात समोरून गेल्या. आत्याने पाच सेकंद विचार केला आणि उतरली. मग दोन तास बाहेर निघायला तयार नाही. गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहून म्हातारे बुद्धिबळ खेळत होते, पट पाण्याच्या कडेला, एकजण तर टोपी घालून. आत्या त्यांच्या मागे उभी राहून "घोडा, घोडा" असं मराठीत पुटपुटत होती. त्याने उंट हलवला. तीन चालींत हरला. (टीप: टॉवेल आणि स्लीपर घरून न्या, तिथे घेतलं की महाग पडतं. पोहण्याच्या तलावातच फक्त टोपी लागते.)

शनिवारी सकाळी अकराला जुन्या संगीत अकादमीत, लिस्तच्या घराच्या म्युझियममध्ये, छोटी मैफल असते, आमचं विमान नेमकं त्याच वेळेला होतं. तुम्ही शनिवार धरूनच प्लॅन करा.

बाथमधून निघेपर्यंत अंधार पडला होता, केस ओले, गुडघा मात्र खूश. ओक्तोगोनला उतरून लांगोश खाल्लं, म्हणजे लसूण चोळलेला भटुरा, वर सायीसारखं आंबट क्रीम आणि किसलेलं चीज. मग परत एकदा ऑपेरा रात्री उजळलेला बघायचा म्हणून मी मेट्रोच्या जिन्याकडे वळले, दोन पायऱ्या उतरलेपण, तर मागून दंडाला धरून ओढलं.

"पाटी वाच. पलीकडचा जिना."


पलीकडे गेलो. गाडी उभीच होती.